पंधरा मोजेपर्यंत

रात्रीचे दोन चाळीस. तेलावीचं इस्पितळ.
हीटरची कुरकुर, आणि कॉरिडॉरच्या टोकाला
कुणीतरी पुरता न बंद केलेला नळ.

सात नंबरला उशांगी, वय एकाहत्तर.
गळ्याच्या हाडाखालून निघालेली त्याची नळी
छातीवर चिकटपट्टीनं निजवलेली,
तिच्या टोकाला एक पारदर्शक बोंड
वालाच्या दाण्याहून जरासं मोठं.
सगळं इथूनच आत जातं:
औषध, सलाइन,
आणि ज्याला कुणी बोलावलं नाही तेही.

मी घाईत होते, खरं सांगते.
पलीकडे नऊ नंबरचा पंप बोंबलत होता.
पाकीट फाडलं, स्पिरिटचा बोळा
बोंडावरून दोनदा फिरवला
आणि सिरिंज उचलली.

"पोरी," तो डोळे न उघडता म्हणाला,
"हे धुणं झालं,
की जाता जाता केलेला नमस्कार?"

चाळीस वर्षं त्यानं क्वेव्री धुतल्या.
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले, वाइनचे मातीचे रांजण,
आख्खा माणूस आत उतरेल एवढे.
चेरीच्या सालीचा घासणा घेऊन तो तळाशी जायचा
आणि घासता घासता गायचा.
गाणं वर येतंय तोवर बाहेरच्यांनी समजायचं,
बाबा अजून श्वास घेतोय.
"दिसते त्या घाणीला कोण भितो," तो म्हणाला.
"बोटाएवढी जागा राहून जाते ना खांद्यापाशी,
तिथून आंबतं.
हजार लिटर. एका बोटापायी."

मी सिरिंज खाली ठेवली.

गेल्या नोव्हेंबरात चार नंबरला झुझुना होती.
शाळेत भूगोल शिकवायची.
पहाटे तिला अशी हुडहुडी भरली
की पलंगाच्या कड्या वाजत होत्या.
नळीतलं रक्त, दंडातलं रक्त,
दोन्ही बाटल्यांत एकच जंतू उगवला,
तुमच्या-माझ्या कातडीवर सुखानं राहणारा.
तीन पाळ्या, आठ नर्सा, सोळा हात.
कुणाचा, ते कुणी विचारलं नाही.
त्या आठवड्यात आम्ही सगळ्याच
जेवताना आपापल्या बोटांकडे बघत होतो.
झुझुना वाचली.
पण सप्टेंबरात नकाशा टांगायला परतली नाही.

नवं पाकीट.
या वेळी बोळ्यात बोंड धरलं, घट्ट,
मोसंबं पिळतात तसं उलटसुलट फिरवलं,
वरचं तोंड, कडेचे आटे, आट्यांमधली फट.
एर्ती, ओरी, सामी, ओत्खी...
तोही मोजायला लागला, माझ्याहून सावकाश,
सातावर मला थांबवून धरत.
नऊ नंबरचा पंप ओरडत होता.
ओरडू दे.
पंधरा म्हणजे किती लांब असतं,
हे मला बावीस वर्षांच्या नोकरीत
त्या रात्री कळलं.

मग वाळू द्यायचं.
हे खरं कठीण, कारण हाताला काही काम नसतं.
ओठ आपोआप गोल होतात.
दुखऱ्या जागी फुंकर घालायची
ही आईची सवय, तिच्या आईची.
इथे नाही चालत.
मायेच्या श्वासातही जंतू असतात.
म्हणून ओठ मिटून उभी राहते,
बोंडावरची ओल आपली आपण उडेपर्यंत.

"आमच्यात एक रीत होती," उशांगी म्हणाला.
"धुऊन झालं की शेवटचं पाणी
मालकासमोर वाडगाभर प्यायचं.
तोंड वाकडं झालं तर पुन्हा आत.
तुमच्यात कोण पितं?"

मी सिरिंज जोडली.
"तुम्हीच," म्हटलं, आणि दट्ट्या
हळूहळू दाबत गेले.

सलाइन शिरेत गेलं तरी
चव जिभेवर येते काहींच्या.
त्यानं ओठ चाटले,
टाळूला जीभ लावून बघितलं,
विचार केला.

"खारट," म्हणाला.
"चालेल."